एका रेघेचे पेशंट

५ जानेवारी, सोमवार

औषध कंपनीच्या माणसानं ही डायरी आणली होती मोठ्या डॉक्टरांसाठी. पण मोठे डॉक्टर एकतीस डिसेंबरला दवाखाना विकून मुलाकडे कायमचे राहायला गेले. तेव्हा डायरी माझी. प्रत्येक पानाच्या तळाशी खोकल्याच्या औषधाची बाटली छापली आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करायचं.

आजपासून नवे डॉक्टर. वय पस्तिशीचं, बोलणं गोड, बूट माझ्या महिन्याच्या पगाराचे. सकाळी खुर्ची ओढून माझ्या टेबलाशीच बसले आणि म्हणाले, "मावशी, इथलं सगळं मला समजावून सांगा." मी एकोणीस वर्षं या टेबलाशी बसते आहे, पण असं कुणी विचारलं नव्हतं. मग मी रेघांचं सांगितलं.

आमच्याकडे फीचा फलक नाही. नवीन माणूस आला की मी त्याचा कागद करते आणि उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं रेघ मारते. एक रेघ म्हणजे ओढाताण, दोन म्हणजे बरं चाललंय, तीन म्हणजे पैसा कुठे ठेवावा हा प्रश्न. एकीला शंभर, दोनला तीनशे, तीनला सहाशे. पेशंटला याचा पत्ता नसतो, बाहेर फक्त माझ्या घरच्यांना माहीत. मोठे डॉक्टर म्हणायचे, सहाशेवाला शंभरवाल्याला खांद्यावर घेऊन चालतो, फक्त त्याला ओझं जाणवत नाही. माणूस दारातून आत येताना आधी खुर्ची बघतो, घड्याळ बघतो की माझ्यामागची भिंत बघतो, एवढ्यावरून मी रेघ मारते. भिंत बघणारा फलक शोधत असतो. त्याला एक. एकोणीस वर्षांत चुकले असेन तर चार वेळा.

डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "मावशी, ही पद्धत मोडू नका. मला तिचा फार उपयोग होईल." झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर.

समोरच्या बसस्थानकावर धाकटीची सकाळपाळी होती. खिडकीतून दिवसभर तिचा आवाज येत होता, "फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी..." माझी धाकटी बहीण तिथे घोषणा करते. अख्ख्या शहराला तिचा आवाज ओळखीचा आहे आणि चेहरा कुणालाच नाही. मी मात्र तो आवाज ऐकला की घड्याळ लावते.

८ जानेवारी

डॉक्टर आज म्हणाले, "रेघ बघितली की मला कळतं, किती खोलात शिरायचं." मी हे घरी सांगितलं. आमचे हे पेन्शनीत निघाल्यापासून प्रत्येक वाक्य उलटं करून बघतात. म्हणाले, "म्हणजे खिसा किती खोल ते तू सांगायचं आणि हात त्यांनी घालायचा." मी हसले, पण म्हटलं, असं काही नाही, हुशार माणूस आहे.

आतल्या खोलीत दोन नवी यंत्रं आली. रक्ताचं एक, छातीचं एक. कंपाउंडर म्हणतो हप्त्यांवर घेतलीत.

१९ जानेवारी, सोमवार

आज एका विमा एजंटानं तमाशा केला. तीन रेघा दिल्या होत्या, तपासण्या धरून अठराशे झाले. माझ्यासमोर उभा राहून ओरडायला लागला, "कोपऱ्यावरचा डॉक्टर दीडशेत बघतो. मोठ्या हॉस्पिटलात नुसता कागद काढायला पाचशे. तुमच्याकडे माझ्यापुढे जी बाई गेली तिनं शंभर दिले. सर्दी एकच, डॉक्टर एकच, मग भाव दोन कसे?"

मी म्हटलं, "साहेब, कोपऱ्यावरच्या डॉक्टरची खोली बायकोच्या नावावर आहे, त्याला भाडं नाही. हॉस्पिटलात तुम्ही लिफ्टचे आणि थंड हवेचे देता. इथे तुम्ही डॉक्टरांच्या वेळेचे देता." वेळेचं मी असंच ठोकून दिलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण खरंच होतं ते. तो आत वीस मिनिटं होता आणि ती शंभरवाली बाई दोन मिनिटांत बाहेर. मी वेळा टिपून ठेवते, सवय आहे.

मोठे डॉक्टर सगळ्यांनाच आठ-दहा मिनिटं घ्यायचे. जीभ दाखव, पोट दाब, पाठ दाखव. रांग रस्त्यावर जायची आणि शिव्या मला बसायच्या. आता एका रेघेचे पटापट निघतात. रांगेचं नावच नाही. मला बाई बरं वाटतंय.

२ फेब्रुवारी, सोमवार

धाकटीचा आवाज बसलाय. खिडकीतून ऐकू आलं तेव्हा मला वाटलं, कुणी पुरुष बसवला. दुपारी डबा घेऊन गेले आणि म्हटलं, "काय हो दादा, इथे माझी बहीण असायची." हसली आणि हसता हसता खोकायला लागली. दोन आठवडे झाले म्हणे. गरम पाणी पितेय, गुळण्या करतेय.

घोषणा करणाऱ्याचा घसा, बसणारच. गाडी वापरली की टायर झिजतो.

१७ फेब्रुवारी

आज चावीवाला आला होता. बसस्थानकाच्या भिंतीला पेटी लावून बसतो तो. माझ्या कपाटाची किल्ली त्यानंच केलीय. छातीत जळजळतं म्हणाला, घाम येतो, डावा हात भरून येतो. त्याला काय, न बघता एक रेघ. त्यानं स्वतःच हळूच विचारलं, "बाई, शंभरच ना?" म्हटलं, शंभरच, जा आत.

दोन मिनिटांत बाहेर. पित्ताच्या गोळ्या. शंभराची नोट चार घड्या घालून आणली होती, ती उलगडून दिली. कंपाउंडर गोळ्या देताना त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मी म्हटलं, काय झालं? तर काही नाही म्हणाला. हल्ली कंपाउंडर फार गप्प असतो, पगाराचं काहीतरी असणार.

२३ फेब्रुवारी, सोमवार

चावीवाला गेला. शनिवारी पेटीशी बसल्या जागीच. धाकटीनं सांगितलं, तिच्याच खिडकीखाली. मला फार वाईट वाटलं. साधा माणूस, कधी जास्तीचा पैसा मागितला नाही.

वय झालं होतं तसं. बावन्न का त्रेपन्न. एक समाधान, शेवटी आपल्याकडे आला तेव्हा आपण त्याला लुबाडलं नाही.

३ मार्च, मंगळवार

धाकटी आज दाखवायला आली. सहा आठवडे झाले आवाजाला. मीच मागे लागले होते.

पण तिची एक अट. बहीण आहे म्हणून सांगायचं नाही आणि फुकट नको. ती लहानपणापासून अशीच. म्हणाली, "ताई, फुकट तपासलं की नीट तपासत नाहीत. मी फी देणार, मग नीट बघतील." मी म्हटलं, "बरं बाई, तू आणि तुझा ताठा." नवरा गेल्यावर एकटीच्या पगारावर घर ओढते, वर गणवेशाला अशी इस्त्री, की कडेनं बोट कापावं.

आता गंमत झाली ती अशी. ती आली तेव्हा मी जेवत होते आणि टेबलाशी कंपाउंडर होता. त्यानं तिची इस्त्री बघून दोन रेघा मारल्या. ओळखत नाही तो तिला. मी डबा तसाच टाकून आले, खोडरबर घेतलं आणि एक रेघ पुसली. तीनशे कुठून देणार ती?

कंपाउंडर म्हणाला, "बाई, राहू द्या दोन."

"का? फरक तुम्ही भरणार?"

"राहू द्या म्हणतो."

"तुम्ही गोळ्या मोजा," मी म्हटलं. त्यानं मान खाली घातली आणि गोळ्या मोजायला लागला.

तीन मिनिटांत बाहेर आली. आठ दिवसांच्या गोळ्या, आवाजाला विश्रांती. शंभर दिले. मी मनातल्या मनात खूश. दोनशे वाचवले तिचे आणि तिच्या ताठ्यालाही धक्का नाही.

१६ मार्च, सोमवार

धाकटी परत आली. गोळ्यांनी काही फरक नाही. आता उजव्या कानात दुखतं म्हणते, गिळताना जास्त. जुनाच कागद, जुनीच रेघ. दोन मिनिटं. वेगळ्या गोळ्या, कानात टाकायला थेंब. शंभर.

आमचे हे म्हणाले, "घसा दुखतो तिचा आणि थेंब कानात?" म्हटलं, तुम्ही डॉक्टर का? तर म्हणाले, "नाही, पण मला नळाची गळती आणि छताची गळती वेगळी कळते." पेन्शनीतला माणूस.

३० मार्च, सोमवार

यांनी फारच टुमणं लावलं म्हणून आज चार ठिकाणी फोन करून भाव काढला, बाजारात काढतात तसा. घशाच्या तज्ज्ञाची पहिली भेट बाराशे, दुर्बीण घातली तर वर अडीच हजार. दुसरा एक नऊशे म्हणाला, पण त्याची वेळ पाच आठवड्यांनी. धर्मादाय दवाखाना वीस, पण पहाटे पाचला नंबर लावायचा आणि धाकटीची पाळी सहाची. चौथ्या ठिकाणची मुलगी म्हणाली, आधी या, मग सांगू. म्हणजे तिच्याकडेही कुणीतरी रेघ मारतं.

धाकटीला सगळं सांगितलं. ती आता बोलत नाही, कुजबुजते. म्हणाली, "अडीच हजार देऊन काय ऐकायचं, आवाज बसलाय?" मलाही पटलं. उंबऱ्याशी डॉक्टर असताना गाव कशाला फिरायचं.

जेवताना निम्मं पान तसंच सोडलं तिनं.

११ एप्रिल, शनिवार

आज खिडकीतून दुसऱ्याच बाईचा आवाज आला. मला क्षणभर कळेना, काय हरवलंय. मग कळलं. धाकटीला माइकवरून काढून हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलंय. घोषणेचा भत्ता बंद. साहेब म्हणाले, आवाज आला की परत या.

संध्याकाळी तिच्याकडे गेले. गणवेश खांद्यावरून उतरत होता, कमरेला पिन लावलेली. मी म्हटलं, "बारीक झालीस." तर कुजबुजली, "बरंय की, फुकटात." तिला हसू आलं, मला आलं नाही. कधी नाही ती मला भीती वाटली. कसली ते लिहिता येत नाही.

१३ एप्रिल, सोमवार

आज जे बघितलं ते जसंच्या तसं लिहिते.

कंपाउंडर रजेवर होता, म्हणून डॉक्टरांनी मला आत सामान लावायला उभं केलं. एकोणीस वर्षांत, पेशंट आत असताना मी आत, असं क्वचित झालं असेल. दार नेहमी लोटलेलं असतं. मी कपाटाशी पट्ट्या मोजत होते.

आधी लाकडाच्या वखारीचा मालक. तीन रेघा, माझ्याच. त्याला साधी सर्दी. डॉक्टर उठले. टॉर्च घेतला, घसा बघितला. छोटा आरसा गरम करून आत घालून बघितला. मानेवरून दोन्ही हात फिरवले, कानामागे, जबड्याखाली. पाठ ठोकली. रक्त, छातीचा फोटो. अठरा मिनिटं.

मग धाकटी. कागद हातात घेतला, कोपरा बघितला. खुर्चीतून उठले नाहीत. टॉर्च तिथेच टेबलावर पडलेला होता. "अजून आवाज नाही? गोळ्या बदलतो." ती काहीतरी कुजबुजली, गिळताना अडकतं असं. त्यांनी तोवर लिहून संपवलं होतं. घड्याळात दोन मिनिटं सुद्धा झाली नव्हती.

मी पट्ट्या मोजत राहिले. किती झाल्या ते आठवत नाही.

म्हणजे जानेवारीपासून हे असं आहे. आणि मी बाहेर बसून, रांग नाही म्हणून खूश.

१५ एप्रिल, बुधवार

काल तिला काही बोलले नाही. आज सकाळी पहिला नंबर लावून आणली. जुना कागद बाजूला काढला, नवा केला आणि कोपऱ्यात तीन रेघा मारल्या. दाबून मारल्या, पेन्सिलीचं टोक मोडलं.

सांगता आलं असतं, की डॉक्टर, ही माझी बहीण, नीट बघा. पण मला बघायचं होतं, नुसत्या पेन्सिलीनं एवढं होतं का.

होतं. मी दार लोटलं नाही, चौकटीत उभी राहिले. डॉक्टर उठले. "या, बसा." टॉर्च घेतला. तोंड उघडायला लावलं, आरसा गरम केला. मग मानेवर हात फिरवायला लागले आणि उजव्या बाजूला हात थांबला. परत फिरवला, परत तिथेच थांबला. त्यांचा चेहरा मला दिसत होता, तिला नाही.

"किती दिवस झाले?"

ती कुजबुजली, "तीन महिने."

"तीन महिने?" डॉक्टर चिडलेच. "इतके दिवस कुणाला दाखवत होतात? कुणी साधं घशात बघितलं नाही?"

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. मग बोट उचललं आणि त्यांच्याकडे दाखवलं.

डॉक्टर आधी हसले, त्यांना कळलंच नाही. मग तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. ओळख पटायला बराच वेळ लागला. तीन वेळा आली होती ती त्यांच्यापुढे.

घशाच्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, तातडीनं असं वर लिहून. मी फी विचारली नाही, त्यांनी सांगितली नाही.

१६ एप्रिल

पेशंट संपल्यावर आत गेले. बोलायचं होतं ते सगळं पाठ करून गेले होते. त्यांनीच आधी सुरुवात केली.

"मावशी, बहीण आहे म्हणून सांगायला नको का?"

"आणि बहीण नसती तर?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. आवाज चढवला नाही, तो माणूस आवाज चढवतच नाही. म्हणाले, "एक रेघ तुम्ही मारलीत. एक रेघ म्हणजे तुम्ही मला सांगता की या माणसाला पुढचं काही परवडणार नाही. मग मी शोधून काय करू? नाव सांगू आजाराचं आणि घरी पाठवू? शंभरात या खोलीचं भाडं सुटत नाही, मावशी. दिवसाला साठ माणसं बघतो तेव्हा हप्ते जातात. आणि रेघा मी आणल्या नाहीत. मला इथे तयार मिळाल्या."

"मोठे डॉक्टर सगळ्यांना सारखं बघायचे."

"म्हणून त्यांना दवाखाना विकावा लागला."

बाहेर येऊन कंपाउंडरला म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं. का बोलला नाहीत?"

"बोललो होतो," तो म्हणाला. "तुम्ही गोळ्या मोजायला सांगितलंत."

२४ एप्रिल, शुक्रवार

तपासणीचा कागद आला. जे असायला नको होतं तेच आहे. तज्ज्ञांनी चित्र काढून दाखवलं. गळ्यातली आवाजाची पेटीच काढायची, जगवायची तर तेवढाच रस्ता. ती पुन्हा बोलणार नाही. मी विचारलं, आधी आलो असतो तर? ते म्हणाले, "फेब्रुवारी-मार्चमध्ये असतं तर नुसत्या किरणांच्या शेकावर भागलं असतं कदाचित. आवाज राहिला असता." मग बहुधा माझं तोंड बघून म्हणाले, "कदाचित."

मार्चच्या तीन तारखेचं पान मी परत वाचलं. खूश, असं लिहिलंय मी.

९ मे, शनिवार

ऑपरेशन मंगळवारी झालं. सात तास. धाकटी जगली आहे. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेते. यांनी पेन्शनीतून काढलं, मी बांगड्या दिल्या, तिच्या कचेरीनं थोडं दिलं. ते सगळं जाऊ दे.

२० मे

रजा संपली, आमच्या दवाखान्यात गेले. माझ्या टेबलावर नवा छापील कागद आलाय. पेशंटनं स्वतःच भरायचा. काम काय करता, घर स्वतःचं की भाड्याचं, विमा आहे का, गाडी कुठली. लोक मुकाट्यानं भरतात, काहीजण तर फुशारकीनं भरतात. मग संगणक कोपऱ्यात एक आकडा टाकतो. पेन्सिल लागत नाही. डॉक्टर म्हणाले, "मावशी, तुमचं ओझं कमी केलं." जुने कागद पोत्यात भरून रद्दीसाठी जिन्याखाली ठेवलेत.

२५ मे, सोमवार

धाकटी आता उशीला टेकून बसते. वही-पेन्सिल दिलीय, तिच्यावर लिहून बोलते. अक्षर पूर्वीसारखंच ताठ.

आज मी तिचे केस विंचरत होते. तिनं वही ओढली आणि लिहिलं, "पहिल्या दिवशी कंपाउंडरनं दोन रेघा दिल्या होत्या. तू एक खोडलीस. मी दारातून बघितलं."

माझा हात थांबला. तिनं लिहिलं, "दोनशे वाचले. तेव्हा बोलले नाही, ताठा. फार बरं वाटलं होतं ताई. कुणीतरी आहे आपलं, असं."

मी फणी खाली ठेवली. गप्प बसता आलं असतं आणि तिला कधीच कळलं नसतं. पण मला ते पेललं नाही. सांगितलं सगळं. रेघेचा अर्थ काय झाला होता ते, टॉर्च कसा टेबलावर पडून होता ते, कंपाउंडर राहू द्या म्हणाला ते. रडत सांगितलं, नर्स बघत होती तरी.

धाकटीनं मान खिडकीकडे वळवली. मी तिचा हात धरायला गेले, तर तिनं काढून घेतला. तो वहीकडे नेला. एकच शब्द लिहिला.

"बाकीचे?"

२७ मे

कंपाउंडरनं मदत केली. जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली बसून आम्ही पोतं उपसलं. जानेवारी ते एप्रिल, एका रेघेचे दोनशे एकवीस कागद. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले वेगळे काढले. तो एकेक दुखणं वाचायचा आणि म्हणायचा, हा ठेवा, हा सोडा. अठ्ठावीस वर्षं गोळ्या मोजतोय, त्याला कळतं. छत्तीस ठेवले. पत्ते माझ्याच अक्षरात.

मी म्हटलं, "नोकरी जाईल आपली."

"तुमची," तो म्हणाला. "मी तर फक्त वाचून दाखवतोय." आणि हसला. कितीतरी महिन्यांनी हसताना बघितला त्याला.

१ जून, सोमवार

रजा टाकली. यादीतला पहिला पत्ता, पिठाच्या गिरणीमागची गल्ली, शेवटची खोली. बाई गिरणीतच झाडलोट करते. खोकला, चार वेळा आली होती, चारही वेळा खोकल्याची बाटली घेऊन गेली.

दार थोडंसंच उघडलं. मला ओळखलं आणि घाबरलीच. "बाई, मी दर वेळी शंभर दिलेत. बाकी काही नाही माझ्याकडे."

म्हटलं, पैसे मागायला नाही आले. छातीचा फोटो काढून घे, दुसरीकडे दाखव, लवकर, मी येते बरोबर. ती चौकटीला धरून ऐकत होती. मध्येच पदर तोंडाशी नेऊन खोकली, मग पदर मुठीत गोळा करून मागे लपवला.

"किती लागतील?" तिनं विचारलं.

माणूस दारातून आत आला की मी हे सांगू शकत होते. आज मी तिच्या दारात उभी होते. फोटोचे वेगळे, डॉक्टरचे वेगळे, आणि त्यात काही निघालं तर त्याचे किती, हे कोण सांगणार? खोटा आकडा सांगून तिला न्यावं असंही मनात आलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"मग नको," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

हे तिच्या पायरीवर बसून लिहितेय. गिरणी सुरू आहे, त्या आवाजातूनही आतला खोकला ऐकू येतो. यादीत अजून पस्तीस आहेत. उठते आणि परत दार वाजवते.